४२९४९६७२९७ ला भाग जातो, ६४१ ने

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात 'अजब संख्या' अशी एक छोटी चौकट आली होती. त्यात ४२९४९६७२९७ ही संख्या मोठ्या टायपात छापून खाली लिहिलं होतं की ही एक प्रचंड मोठी मूळ संख्या आहे, १ आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच भाग जात नाही. हे चूक आहे. ६४१ ने भाग जातो, पूर्ण जातो, बाकी शून्य. एखादा अंक इकडचा तिकडे झालाय, छपाईची चूक आहे असं असतं तर मी पत्र लिहायला बसलेच नसते. पण अंक सगळे बरोबर आहेत, चूक विधानात आहे, आणि ही चूक पावणेचारशे वर्षांहून जुनी आहे, एका फार मोठ्या गणितज्ञाने केलेली आहे. ती कशी पकडली गेली ते त्या चौकटीत छापलेल्या वाक्यापेक्षा कितीतरी सुंदर आहे, ते वाचकांना मिळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण कृपया पूर्ण वाचा.

मी नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. ती चौकट माझ्याकडे आली ती नववीतल्या एका मुलीच्या वहीतून, तिने कात्रण कापून वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवलं होतं. तिने मला विचारलं, "मॅडम, भाग जात नाही हे यांना कळलं कसं? सगळ्या संख्यांनी भागून बघितलं का?" मला हा प्रश्न इतका आवडला की त्या दिवशीचा ठरलेला धडा मी बाजूला ठेवला. चौकट वाचून बहुतेक जण "बापरे, केवढी मोठी" म्हणतात आणि पान उलटतात, हिने विचारलं की कळलं कसं.

मी म्हटलं, तूच सुरू कर, बघ कुठवर जाते. आधी संख्या वाचून घेतली, चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. शेवटी ७ आहे म्हणजे २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ ने पण नाही. ७ ने भागलं, बाकी ५. ११ ने भागलं तर परत बाकी ५. १३ ने बाकी १०. १७ ने बाकी २. (ही २ बाकी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) पुढे १९, २३ करता करता तिचा हात थांबला आणि तिने विचारलं अजून किती. तर हिशोब असा की वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतात, हिचं वर्गमूळ ६५५३६ च्या अगदी जराशी पुढे येतं, आणि ६५५३६ च्या आत ६५४२ मूळ संख्या आहेत. साडेसहा हजार भागाकार! ६४१ ही मूळ संख्यांच्या रांगेत ११६ वी आहे, म्हणजे काहीच न सुचता नुसतं भागत सुटलं तर ११५ वेळा हात रिकामा आणि मग ११६ व्या वेळी भाग जातो. कॉम्प्युटरला हे काहीच नाही, डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. पण ज्या काळात हे सापडलं तेव्हा कागद आणि शाई एवढंच होतं, आणि ज्याने शोधलं त्याने ११५ भागाकार केले नाहीत, फार तर पाच केले असतील. ते कसं, ते सांगते.

ही संख्या आली कुठून ते आधी बघू, कारण ती उगाच उचललेली दहा अंकी संख्या नाहीये. २ चा ३२ वा घात घ्या, ४२९४९६७२९६, आणि त्यात १ मिळवा. ३२ च का? कारण २ चा घात अधिक १ ही संख्या मूळ असायची असेल तर तो घातांक स्वतः १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीच्याच रांगेतला असावा लागतो. घातांकात एखादा विषम अवयव असला की लगेच भाग पडतो, उदाहरणार्थ २ चा ६ वा घात अधिक १ म्हणजे ६५, त्याला ५ ने भाग जातो. म्हणून फक्त दुपटीचे घातांक घ्यायचे. १ घेतला की ३ मिळतात, २ ला ५, ४ ला १७, ८ ला २५७, १६ ला ६५५३७. पाचही मूळ संख्या, तपासून बघा. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पिएर द फर्मा नावाचा माणूस होता, पेशाने कायद्याचा, गणित आवडीने करायचा, आणि त्या आवडीतून त्याने संख्यांच्या अभ्यासाला आजचं रूप दिलं. त्याने १६४० मध्ये पत्रातून लिहिलं की ही रांग पुढे कितीही चालवा, येणारी प्रत्येक संख्या मूळच असेल असं मला वाटतं. सिद्ध करता येत नाही हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं. रांगेतली सहावी संख्या म्हणजे तुमच्या चौकटीतली ४२९४९६७२९७. तिथेच त्याचा अंदाज कोसळतो.

पाच उदाहरणं बरोबर निघाली म्हणून सहावं पण तसंच असेल, इतकीच ती चूक. मुलं हे रोज करतात, तीन उदाहरणं जुळली की नियम लिहून मोकळी होतात. पण इथे तसं करणारा माणूस फर्मा होता, त्यामुळे ते विधान जवळजवळ ९२ वर्षं कुणी खोटं पाडलं नाही. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख नावाच्या गणितज्ञाने एका तरुण मित्राला पत्रात विचारलं की फर्मा असं असं म्हणाला होता, तुला माहितीये का? तो मित्र म्हणजे लिओनार्ड ऑयलर, तेव्हा वय २२. १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याने सांगून टाकलं की ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो.

आता ते पाच भागाकार. ऑयलरने असा विचार केला की हिचा एखादा मूळ अवयव असेलच तर तो कसा दिसेल. समजा एखाद्या मूळ संख्येने हिला भाग जातो. म्हणजे २ चा ३२ वा घात त्या मूळ संख्येने भागला तर बाकी उणे १ राहते (१ कमी पडतो असं म्हणा). त्याचा वर्ग केला तर २ चा ६४ वा घात, आणि बाकी १. म्हणजे २ चे घात एकामागून एक घेत गेलो तर बाक्यांचं चक्र बरोबर ६४ पायऱ्यांनी पुन्हा सुरुवातीला येतं, त्याआधी नाही. आणि फर्माचंच एक छोटं प्रमेय आहे, तेही १६४० सालातलंच, त्यातून असं निघतं की हे चक्र जितक्या पायऱ्यांचं असेल तितक्याने त्या मूळ संख्येतून १ वजा केलेल्या संख्येला भाग गेलाच पाहिजे. म्हणजे अवयव असेल तर तो ६४ च्या पटीत १ मिळवून आलेलाच असणार, दुसरा कुठलाच नाही. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त हलवून टाकणारी गोष्ट हीच वाटते, की फर्माची चूक ज्या प्रमेयाने पकडली ते प्रमेय फर्माचंच, आणि त्याच वर्षातलं. हत्यार त्याच्याच घरात होतं.

मग यादी करा, ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या ज्या मूळ नाहीत त्या खोडा, उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार, आणि सापडलं! पुढे १८७८ मध्ये एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की ६४ च्या नाही, १२८ च्या पटीत १ मिळवून आलेल्याच संख्या बघितल्या तरी पुरे. मग ६४१ पर्यंत दोनच मूळ संख्या उरतात, २५७ आणि ६४१. त्यातली २५७ तर न भागताच बाद होते, कारण ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचांचा गुणाकार केला तर येतो ४२९४९६७२९५, आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी. म्हणजे या पाचांपैकी कशानेही भागा, बाकी २ च राहणार. त्या मुलीला १७ ने भागताना २ बाकी आली होती ती म्हणून. हे कळल्यावर तिने वहीची मागची पानं उलटून ती बाकी परत बघितली आणि त्याभोवती गोल केला.

म्हणजे साडेसहा हजारावरून पाचावर आणि पाचावरून एकावर, ६४१ ने भागून बघणं एवढंच काम उरलं. मग आम्ही तो भागाकार फळ्यावर केला, तो इथे लिहिते कारण तो बघण्यासारखा आहे. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, ३८४६, बाकी ४४८. वरून ९ घेतला, ४४८९, त्यात सात वेळा, ४४८७, बाकी २. किती थोडक्यात हुकलं! वरून ६ घेतला तर २६, भाग जात नाही, शून्य. ७ घेतला तर २६७, परत शून्य. २ घेतला, २६७२, चार वेळा, २५६४, बाकी १०८. ९ घेतला, १०८९, एक वेळा, बाकी ४४८. परत तेच ४४८, सुरुवातीला आलेलं. वर्गात कुणीतरी "तेच आलं" असं ओरडलं. आता वरून घ्यायचा शेवटचा अंक उरलाय, ७. पहिल्या वेळी ९ होता म्हणून ४४८९ झाले आणि २ उरले, आता ७ आहे म्हणून ४४८७, सात वेळा ४४८७, बाकी शून्य. भागाकार ६७००४१७. संख्या संपते तिथेच बाकी संपते. मी हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण स्वतःच्या हाताने खडूने लिहिताना अंगावर काटा आला हे खरं.

पण मुलीचा प्रश्न अजून संपला नव्हता. ती म्हणाली, जातो हे दिसलं पण ६४१ नेच का जातो? याचं उत्तर भागाकारात मिळत नाही, त्यासाठी ६४१ कडे दोन बाजूंनी बघावं लागतं. एका बाजूने ६४१ म्हणजे ६४० अधिक १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले १२८, १२८ हा २ चा ७ वा घात. दुसऱ्या बाजूने ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, म्हणजे ५ चा ४ था घात अधिक २ चा ४ था घात. आता ६४१ ला २ च्या २८ व्या घाताने गुणा, म्हणजे २६८४३५४५६ ने. ६२५ च्या वाट्याला जो गुणाकार येतो तो बरोबर ६४० चा ४ था घात होतो, आणि १६ च्या वाट्याला येतो २ चा ३२ वा घात. आता या बेरजेतून '६४० चा ४ था घात वजा १' एवढं काढून टाका. उरलं काय? २ चा ३२ वा घात अधिक १, आपली संख्या! आकड्यांत बघायचं तर १७२०६७१२७२९६ वजा १६७७७२१५९९९९ बरोबर ४२९४९६७२९७. यातली पहिली संख्या तर ६४१ ची पट आहेच, आपणच गुणून बनवली. दुसरीचे अवयव वर्गांच्या फरकाच्या सूत्राने पाडा, नववीतलं सूत्र, ६३९ गुणिले ६४१ गुणिले (६४० चा वर्ग अधिक १), तिच्यातही ६४१ बसलेला आहे. दोन्हींना ६४१ ने भाग जातो म्हणून त्यांच्या वजाबाकीलाही जातो. दहा अंकी संख्या एकदाही न भागता सिद्ध झालं, आणि यात नववीच्या बाहेरचं एक अक्षर नाही.

मला सांगा, हे "प्रचंड मोठी मूळ संख्या" यापेक्षा किती जास्त आहे!

अजून एक गोष्ट आहे, जी मला अलीकडेच स्वतः करून बघितल्यावर नीट समजली आणि तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत सुटलेय. ही संख्या दोन वर्गांची बेरीज आहे हे तर उघडच दिसतं, ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. पण ती आणखी एका प्रकारे दोन वर्गांची बेरीज आहे, ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्ग. कॅल्क्युलेटरवर बघा, ३८७६८०५६९६ आणि ४१८१६१६०१, बेरीज तीच. (त्यात २०४४९ हा पुन्हा १४३ चा वर्ग निघतो, हे मी असंच सांगतेय.) आता मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत असेल तर ती एकाच प्रकारे लिहिता येते, दोन प्रकारे कधीच नाही. म्हणजे हा दुसरा प्रकार सापडला तिथेच निकाल लागला की ही मूळ नाही, भागाकार करायची गरजच नाही. आणि नुसता निकाल नाही, या दोन प्रकारांमधून अवयव पण ओढून काढता येतात. ६५५३६ आणि ६२२६४ यांचा फरक ३२७२, बेरीज १२७८००. २०४४९ आणि १ यांचा फरक २०४४८, बेरीज २०४५०. दोन फरकांचा मसावि काढा, ३२७२ आणि २०४४८ चा मसावि ८ येतो. ३२७२ ला ८ ने भागून ४०९, २०४४८ ला ८ ने भागून २५५६, आणि १२७८०० ला २५५६ ने भागून ५०. आता ८ चं निम्मं ४ आणि ५० चं निम्मं २५ घ्या, ४ चा वर्ग अधिक २५ चा वर्ग, १६ अधिक ६२५, ६४१! तेच १६ आणि तेच ६२५ जे मघाशी दुसऱ्याच रस्त्याने आले होते. आणि ४०९ चा वर्ग अधिक २५५६ चा वर्ग केला तर ६७००४१७. मसावि मुलं पाचवी-सहावीपासून काढतात आणि हा कुठे वापरतात मॅडम असं विचारतात. इथे वापरतात.

तुमच्या चौकटीत शेवटी बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांचा ओझरता उल्लेख होता, पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ती गोष्ट. तिचा आणि या संख्येचा संबंध मात्र दिलेला नव्हता, आणि तो फार जवळचा आहे. अर्ध्या पटावर म्हणजे ३२ घरांत मिळून दाणे होतात ४२९४९६७२९५. पूर्ण ६४ घरांत होतात १८४४६७४४०७३७०९५५१६१५. या दुसऱ्या संख्येला पहिलीने भागा, उत्तर येतं ४२९४९६७२९७. म्हणजे अर्ध्या पटाच्या किती पट दाणे पूर्ण पटावर, तर बरोबर आपल्या संख्येइतके पट. त्यामुळे पटावरच्या सगळ्या दाण्यांचे मूळ अवयव आपल्याला फुकटात मिळतात, ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७, बस्स एवढेच, प्रत्येक एकदा. एवढी वीस अंकी संख्या आणि तिच्या पोटात सात मूळ संख्या. ते सगळे दाणे ६४१ जणांत सारखे वाटले तर एकही उरणार नाही.

अर्ध्या पटाची ती ४२९४९६७२९५ संख्या पण साधी नाही बरं का. १७९६ मध्ये गाउसने वयाच्या १८ व्या वर्षी दाखवलं की नुसती पट्टी आणि कंपास घेऊन १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो, आणि यामागचं कारण १७ ही याच रांगेतली मूळ संख्या आहे हे आहे. विषम बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येण्यासाठी बाजूंची संख्या या रांगेतली मूळ संख्या असावी लागते, किंवा अशा वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार. आज अशा मूळ संख्या पाचच माहीत आहेत, त्यामुळे विषम बाजूंचा सगळ्यात मोठा माहीत असलेला असा बहुभुज ४२९४९६७२९५ बाजूंचा. त्याच्यापेक्षा दोनच बाजू जास्त असलेला, आपल्या संख्येइतक्या बाजूंचा, पट्टी-कंपासने काढता येत नाही, कारण एकच, ६४१ ने भाग जातो.

फर्माने ही एक संख्या त्याच्या छोट्या प्रमेयावर का घासून बघितली नाही असं मुलांनी विचारलं. मला ठाऊक असलेलं एवढंच सांगते की त्या प्रमेयात पाया म्हणून २ घेतला तर ही संख्या फसवते. प्रमेय म्हणतं की संख्या मूळ असेल तर २ चा तिच्याहून एकने कमी इतकावा घात घेऊन तिनेच भागलं तर बाकी १ राहते. आणि आपल्या संख्येत खरोखर बाकी १ राहते! कारण २ चा ६४ वा घात बाकी १ देतो आणि ६४ ने ४२९४९६७२९६ ला भाग जातो. ही संख्या मूळ नसूनही मूळ संख्येसारखी वागते, आणि तिच्या पुढच्या रांगेतल्या सगळ्याच २ च्या कसोटीला अशाच वागतात. २ ऐवजी ३ घेतला की सोंग उघडं पडतं. पण ३ चा तेवढा घात हाताने करायचा म्हणजे ३२ वेळा वर्ग करायचा आणि प्रत्येक वेळी दहा अंकी संख्येने भागून बाकी काढायची, ते काम सोपं नाही.

आणि पुढची रांग? सहाव्या संख्येपाशी अंदाज मोडला तो असा मोडला की पुढे एकही मूळ संख्या आजवर सापडली नाही. सातवी म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१७, हिला २७४१७७ ने भाग जातो, १८८० मध्ये लांद्री नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने तिचे अवयव प्रसिद्ध केले तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. आठवी ३९ अंकी, तिचे अवयव पाडायला १९७० साल आणि कॉम्प्युटर लागला. २ चा घातांक १०४८५७६ घेतला की येणारी संख्या मूळ नाही हे पक्कं सिद्ध आहे पण तिचा एकही अवयव अजून कुणी पाहिलेला नाही, भाग जातो हे माहितीये, कशाने जातो ते माहीत नाही. आणि घातांक ८५८९९३४५९२ घेतला (२ चा ३३ वा घात) तर त्या संख्येबद्दल मूळ की संयुक्त हे आज कुणालाच सांगता येत नाही, ती लिहायला २५८ कोटींहून जास्त अंक लागतील. तिच्याबद्दल "भाग जात नाही" असं तुम्ही छापलं असतं तर मला तुम्हाला चूक म्हणता आलं नसतं, बरोबर आहे असंही म्हणता आलं नसतं.

म्हणून संपादक महोदय, विनंती अशी. खुलासा छापाल तेव्हा नुसतं "गेल्या अंकातील विधान चुकीचे होते, दिलगीर आहोत" एवढं छापू नका. ६४१ ने केलेला तो भागाकार छापा, शाळेत मांडतात तसा, ज्या चौकटीत चूक आली त्याच चौकटीत तो सहज मावतो. आणि पुढे या सदरात जी संख्या द्याल तिच्याबद्दलचं विधान वाचकाला घरी कागदावर कसं तपासता येईल ते दोन ओळीत द्या. मूळ आहे म्हणत असाल तर कशावरून, भाग जातो म्हणत असाल तर कशाने. तुमचा पेपर मुलं कापून वहीत चिकटवतात, मोठ्यांच्या मोबाइलवर त्याच चौकटीचा फोटो फॉरवर्ड होऊन फिरतो, त्या फोटोत तपासायची रीतही असू दे.

त्या मुलीने कात्रण फाडलं नाही, त्याच्या खाली ६४१ × ६७००४१७ लिहिलं. मग साहजिकच विचारलं की ६७००४१७ तरी मूळ आहे का, का तीही फोडायची. मी उत्तर दिलं नाही. तिलाही आता माहीत आहे की अवयव असलाच तर तो १२८ च्या पटीत १ मिळवून आलेलाच असणार, आणि ६७००४१७ चं वर्गमूळ २५८९ च्या आत आहे, म्हणजे अशा वीसच संख्या, त्यातल्या मूळ फक्त पाच, २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. दुसऱ्या दिवशी ती पाच भागाकार करून घेऊन आली. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकही शून्य नाही. तिच्या वहीच्या त्या पानाचा फोटो या पत्रासोबत जोडला आहे, खुलाशाबरोबर छापता आला तर बघा. मूळ संख्या म्हणून मोठ्या टायपात छापायचीच असेल तर ६७००४१७ छापा, ही तपासलेली आहे.

आपली,
एक नियमित वाचक आणि गणिताची शिक्षिका